निकालानंतरचा दौरा

निवडणूक हरलेल्या माणसाने मतदारसंघात आभार मानत फिरावं का, हा प्रश्न आपल्याकडे हसण्यावारी नेला जातो. 'पडल्यावर कशाला आलाव आता?' असं कुणी तोंडावर म्हणत नाही, पण पारावर बसलेल्यांच्या चेहऱ्यावर ते वाचता येतं. जिंकलेल्याचे आभार मात्र ठरलेले असतात. जेसीबीच्या तोंडातून फुलं, गुलाल, डीजे, चौकात 'मतदार राजाचे जाहीर आभार' असा फ्लेक्स आणि त्या फ्लेक्सवर मतदार सोडून गावातल्या यच्चयावत भावी पुढाऱ्यांचे फोटो. हरलेल्याचा फोन पंधरा दिवस बंद. त्याला शोधायचं तर एखाद्या लग्नाच्या मांडवात शोधावं लागतं, आणि तिथेही तो अक्षता पडल्या की निघून जातो.

माझं म्हणणं सरळ आहे. पैसेवाल्या उमेदवाराने काय करायचं ते त्याने ठरवावं. पण ज्याने लोकवर्गणीवर विधानसभा लढवली, त्याने जिंको वा पडो, निकालानंतर महिन्याभरात वर्गणी घेतलेल्या प्रत्येक गावात परत जायलाच हवं, आणि तिथे बसून जमाखर्च वाचायला हवा. हार, शाल, भाषण हे सगळं नंतर. नसलं तरी चालेल. हा दौरा ज्याला झेपणार नाही त्याने पावती पुस्तक छापू नये.

मराठवाड्यात असं लढणं म्हणजे काय, ते आधी बघू. आठ जिल्हे, विधानसभेच्या ४६ जागा. २०२४ साली राज्यात साधारण ९ कोटी ७० लाख मतदार होते आणि मतदान केंद्रं लाखाच्या थोडी वर. २८८ ने भागलं तर एका मतदारसंघाच्या वाट्याला सव्वातीन लाखांहून अधिक मतदार आणि साडेतीनशेच्या आसपास केंद्रं येतात. उमेदवाराला कायद्याने खर्चाची मर्यादा ४० लाख. म्हणजे मतदारामागे बारा रुपयेसुद्धा नाहीत. एका कटिंग चहात संपतील एवढे. प्रत्यक्षात किती खर्च होतो हे जालन्यातल्या पानटपरीवाल्यालाही माहीत आहे, त्यावर मी शाई घालवत नाही. पण वर्गणीवाल्या उमेदवाराला ती ४० लाखांची मर्यादासुद्धा डोंगरासारखी वाटते. त्याच्या वहीत डिझेल असतं, भोंग्याच्या गाडीचं भाडं असतं, पत्रकांची छपाई असते, आणि मतदानाच्या दिवशी साडेतीनशे केंद्रांवर बसणाऱ्या पोरांचं जेवण असतं. तेवढं जमलं तरी खूप.

त्यातून वेळ किती? गेल्या वेळी अर्ज मागे घेण्याचा शेवटचा दिवस ४ नोव्हेंबर होता आणि मतदान २० नोव्हेंबरला. प्रचार ४८ तास आधी थांबतो. अपक्षाला चिन्ह हाती पडतं अर्ज माघारीच्या दिवशी दुपारनंतर. म्हणजे कपबशी, शिट्टी, बॅट जे काही मिळेल ते सव्वातीन लाख लोकांच्या डोक्यात उतरवायला त्याच्याकडे जेमतेम चौदा दिवस. तेही कापूस वेचणीचे आणि ज्वारीच्या पेरणीमागच्या धावपळीचे. सोयाबीनचा तेव्हाचा हमीभाव ४,८९२ रुपये आणि बाजारात त्याच्या बरंच खाली भाव, अशा मोसमात शेतकऱ्यापुढे पावती पुस्तक उघडायचं. तरीही लोक देतात. शंभर देतात, पाचशे देतात, कुणी डिझेलचा कॅन भरून देतं, कुणी दोन दिवस जीप देतं. ते का देतात याचा विचार ज्याने केला नाही, त्याला निकालानंतर आपण कुणाचं देणं लागतो हेही कळणार नाही.

ते दान म्हणून देत नाहीत. गावाकडच्या लग्नात आहेर वहीत लिहून ठेवतात, तसं हे आहे. आहेर करणारा परतफेड मागायला येत नाही, पण वही हरवली असं त्याच्या कानावर गेलं तर पुन्हा त्या घरच्या लग्नाला येताना त्याचा हात आखडतो. सगळी गोम इथे आहे. हिशोब न देता गायब झालेला उमेदवार स्वतःचं नुकसान थोडंच करून घेतो. तो पुढच्याची वाट बंद करतो. पाच वर्षांनी दुसरा एखादा प्रामाणिक पोरगा पावती पुस्तक घेऊन त्याच पारावर आला की त्याला ऐकावं लागतं, 'मागच्या वेळी एक जण असाच आला होता.'

या भागात तर संशय आधीपासून पिकलेला असतो. अपक्ष उभा राहिला की पहिला प्रश्न, कुणी उभा केला? मतं खायला उभा केला का? मधेच प्रचार थंडावला की मॅनेज झाला. अर्ज मागे घेतला की बसवला, आणि किती पेट्यांत, म्हणजे किती लाखांत, बसवला याचे आकडेही चहासोबत ठरतात. यातलं काही खरं असतं म्हणून तर सगळंच खरं वाटतं. निकालानंतर जो फोन बंद करून बसतो, त्याने काहीही केलेलं नसलं तरी तो या गोष्टीत आपोआप बसून जातो. संशयावर भाषणाने उत्तर देता येत नाही. 'मी विकला गेलो नाही' असं ओरडून सांगणारा माणूस मला तरी जास्तच संशयास्पद वाटतो. कागद पुढे ठेवला की बोलायची गरज उरत नाही.

कुणी म्हणेल, असं वर्गणीवर लढून मराठवाड्यात निवडून कोण आलंय? आले आहेत. क्रांतिसिंह नाना पाटील साताऱ्याकडचे. त्यांना १९६७ साली बीडने लोकसभेत पाठवलं, तेही कम्युनिस्ट पक्षाच्या तिकिटावर. त्याच बीडमधून १९७७ ला मार्क्सवादी पक्षाचे गंगाधरअप्पा बुरांडे निवडून आले. कंधारचे भाई केशवराव धोंडगे शेतकरी कामगार पक्षाच्या लाल झेंड्याखाली पुन्हा पुन्हा विधानसभेत गेले आणि १९७७ साली नांदेडहून लोकसभेतही. ही नावं घेतली की आपल्याकडे लगेच गळा दाटून येतो, आणि 'तेव्हाची माणसंच वेगळी' असं म्हणून विषय संपवला जातो. मला ते पटत नाही. माणसं वेगळी असतील, पण त्यांच्यामागे वर्षाचे बारा महिने चालणारा पक्ष होता, शेतमजुरांच्या, कुळांच्या लढ्यांतून तयार झालेले कार्यकर्ते होते. निजामाविरुद्धच्या लढ्याला तेव्हा दोन-तीन दशकंच उलटली होती. निवडणूक त्यांच्या कामातला एक टप्पा होता. निकालानंतर ते गावात परत यायचे, कारण ते गावातून गेलेलेच नसायचे.

आज लोकवर्गणीवाला उमेदवार बहुतेक वेळा एकटा असतो. पक्षाचं तिकीट नाकारलेला, नाहीतर आंदोलनातून आलेला. शिवाय खालच्या पायऱ्या मोडलेल्या. आठही जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि प्रशासक बसले. विधानसभा झाली तेव्हाही तेच बसलेले होते. जो कार्यकर्ता एरवी गटातून, गणातून चढत वर आला असता, ज्याला लोकांनी पाच वर्षं पाण्याच्या टाकीवर आणि शाळेच्या खोल्यांवर पारखून घेतलं असतं, त्याने मग थेट विधानसभेचाच अर्ज भरला. त्या २०२४ च्या निवडणुकीत राज्यभरात दोनच अपक्ष निवडून आले, जुन्नर आणि चंदगड. मराठवाड्यात एकही नाही. म्हणजे पडणं हाच नियम आहे हे मान्य करून बोललेलं बरं. आणि पडणं हा नियम असेल, तर पडलेल्याने काय करायचं याचा रिवाजही घडवायला हवा. तो आज नाही.

आंदोलनातून आलेल्यांचा प्रश्न आणखी अवघड. अंतरवाली सराटीतून उभं राहिलेलं मराठा आरक्षणाचं आंदोलन निवडणुकीच्या तोंडावर उमेदवार देणार असं ठरलं होतं. गावोगावच्या पोरांनी अर्ज भरले होते. ४ नोव्हेंबरला सकाळी मनोज जरांगे यांनी माघार जाहीर केली; एका जातीच्या बळावर निवडणूक जिंकता येत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. हिशोब म्हणून ते चुकीचं नव्हतं. मला इथे निर्णयाची चिकित्सा करायची नाही. पण ज्या पोरांनी महिनाभर याद्या केल्या, बूथवर कोण बसणार ते ठरवलं, गाडीला स्टिकर लावलं, त्यांच्याशी पुढे कोण बोललं? कुठल्याही पक्षाच्या, कुठल्याही जातीच्या आंदोलनाला हा प्रश्न लागू आहे. न लढवलेल्या निवडणुकीतही माणसं राबलेली असतात.

आता कायदा काय सांगतो ते पाहू, कारण हिशोब हा शब्द काढला की लोकांना वाटतं हा काही नवीनच आग्रह आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ प्रमाणे प्रत्येक उमेदवाराला अर्ज भरल्यापासून निकाल जाहीर होईपर्यंतचा खर्च लिहून ठेवावा लागतो आणि निकालानंतर ३० दिवसांत तो जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. दिला नाही आणि सबळ कारण नसलं, तर आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. रोजच्या खर्चाची पांढरी पानं, रोखीची गुलाबी, बँकेची पिवळी, अशी ती नोंदवही. प्रचाराच्या काळात किमान तीनदा ती तपासणीला न्यावी लागते. एका माणसाकडून दहा हजारांच्या वर रोख घेता येत नाही. निवडणुकीचं बँक खातं वेगळं. ही सगळी कसरत वर्गणीवाला उमेदवारही करतोच, कुणीतरी बी.कॉम. झालेला पुतण्या रात्री जागून ती पानं भरत असतो. आणि दाखल झालेला हिशोब एक रुपया शुल्क भरून कुणालाही पाहता येतो, हेही नियमातच आहे.

पण तो एक रुपया भरायला तांड्यावरची बाई जिल्ह्याच्या ठिकाणी कलेक्टर ऑफिसात जाईल का? किनवटच्या टोकाच्या गावातून नांदेडला जायचं म्हणजे एसटीत अख्खा दिवस. कायद्याने सरकारला हिशोब द्यायला लावला. पैसा ज्याने दिला त्याला द्यायला लावला नाही. ती फट भरायला नवीन कायदा नको. जी वही अधिकाऱ्यापुढे न्यायची, तिचीच झेरॉक्स गावात न्यायची. देणाऱ्याला कसली करसवलतही मिळत नाही. ती राजकीय पक्षाला देणाऱ्याला आहे, अपक्ष उमेदवाराला देणाऱ्याला नाही. मग त्याच्या हातात निदान एवढं तरी पडावं.

वाचायचं कसं, यावर मात्र डोकं शांत ठेवून विचार हवा. देणाऱ्यांची नावं चावडीवर मोठ्याने वाचणं हा उत्साहाच्या भरात होणारा अपराध ठरू शकतो. ज्याने पडलेल्या उमेदवाराला पाचशे रुपये दिले, त्याला त्याच गावात राहायचं असतं. त्याचा ऊस कारखान्याला जायचा असतो आणि कारखान्याचा चेअरमन निवडून आलेल्याचा माणूस असतो. घरकुलाची यादी, विहिरीचं अनुदान, सोसायटीचं कर्ज, पोराची संस्थेतली नोकरी, सगळ्या नाड्या कुणाच्या तरी हातात. म्हणून गावाची एकूण रक्कम वाचावी, नावं नकोत. ज्याला आपली पावती वहीशी ताडून पाहायची त्याला बाजूला बोलावून दाखवावी. काही जण स्वतः उठून सांगतील की मी दिले आणि पुन्हा देईन. त्यांना अडवू नये. पण ठरवणारे ते, उमेदवार नव्हे.

खर्चाची बाजू मात्र सगळी वाचावी. डिझेल किती, मंडप किती, जेवण किती, कुणाला मानधन दिलं. हे वाचताना लाज वाटेल असं काही असेल, तर ते तिथेच बाहेर पडलेलं बरं. आणि अनामत जप्त झाली असेल तर तेही. सर्वसाधारण उमेदवाराचे दहा हजार, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराचे पाच. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं पडली नाहीत तर ते सरकारजमा. आपल्याकडे डिपॉझिट जाणं ही अब्रू जाण्यासारखी गोष्ट मानतात. वर्गणीतून भरलेलं डिपॉझिट गेलं असेल, तर ते लोकांचे पैसे गेले. लोकांना सांगायला नको?

पैसा पुरला नसेल तर किती उधारी झाली आणि ती कोण फेडणार, हे सांगावं. दोन एकर विकून निवडणूक लढवलेल्या माणसांच्या कथा इथे भरपूर आहेत आणि त्या कौतुकाने सांगितल्या जातात. मला त्यात कौतुक करण्यासारखं काही दिसत नाही. घरच्या बाईचे दागिने गहाण ठेवून जो लढतो, त्याने घरातल्या एका माणसाची संमती तरी घेतली होती का, हे कुणी विचारत नाही. कर्जावर लढलेला उमेदवार निवडून आला तर ते कर्ज कुठून फेडणार, हे तर विचारण्याची गरजही पडत नाही.

हिशोबाच्या बैठकीतली सगळ्यांत धोक्याची जागा पैशाची नसते, मतांची असते. निकालाचा केंद्रनिहाय तक्ता, नमुना २०, जाहीर होतो. कुठल्या केंद्रावर कुणाला किती मतं, हे गावच्या पोरासोरांना पाठ असतं. आपल्या राजकारणाची सगळी भाषाच त्यावर उभी आहे: अमुक गावाने लीड दिली, तमुक गावाने दगा दिला. जिंकलेल्याचा आभार दौरा म्हणूनच पुष्कळदा झाडाझडतीचा दौरा होतो. लीड दिलेल्या गावात हायमास्ट दिव्याची घोषणा, न दिलेल्या गावात 'तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.' एवढं वाक्य पुरतं. पाच वर्षं त्या गावाचा रस्ता होत नाही.

मतपत्रिका होत्या तेव्हा वेगवेगळ्या केंद्रांच्या पेट्या मिसळून मोजायची सोय होती. यंत्र आलं आणि प्रत्येक केंद्र उघडं पडलं. अनेक यंत्रांची मतं एकत्र मोजणारं टोटलायझर वापरावं, असं निवडणूक आयोगाने २००८ साली सुचवलं. विधी आयोगाने २०१५ च्या अहवालात त्याला दुजोरा दिला. केंद्र सरकारने ते नको म्हटलं. ते यायला हवं असं माझं मत आहे. वाडी-वस्तीवरच्या दोन-तीनशे मतांच्या केंद्रात मत गुप्त राहतं असं मानणं ही केवळ औपचारिकता आहे. तिथे कोणत्या गल्लीने काय केलं हे आकड्यावरून सांगतात, आणि गल्ली म्हणजे आपल्याकडे जात.

हरलेल्यालाही हा मोह सुटत नाही, म्हणून हे लांबण लावलं. 'तुमच्या गावात सव्वाशे पावत्या फाडल्या आणि मतं पडली एकेचाळीस, बाकीच्यांनी काय केलं?' हा प्रश्न त्याच्या जिभेवर असतो. तो त्याने गिळायला हवा. वर्गणी देणं आणि मत देणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्हींत माणसाला मोकळीक हवी. शंभर रुपये शेजाऱ्याच्या भिडेखातर दिले असतील, मत सुनेच्या सांगण्यावरून दुसऱ्याला गेलं असेल, लाडक्या बहिणीच्या महिना पंधराशे रुपयांच्या आठवणीने गेलं असेल. आदल्या रात्री पाकीट आलं असेल. पाकिटावर बोलायचं तर वाटणाऱ्याबद्दल बोलावं. घेणाऱ्याच्या दारात जाऊन त्याला ओशाळं करणं हे मतदान अधिक स्वच्छ करण्याचं काम नाही, हरल्याचा राग काढणं आहे.

इथे एक आक्षेप येतो आणि तो बिनतोड आहे. मत म्हणजे उपकार आहे का, की त्याबद्दल आभार मानायचे? नाही. मतदाराने आपल्या हक्काचा वापर केला, त्याने उमेदवारावर मेहरबानी केली नाही. 'मतदार राजा' म्हणणारा पुढारी पाच वर्षांतून एकदा त्याला राजा म्हणतो आणि उरलेल्या दिवसांत 'साहेबांना भेटायचंय' म्हणून बंगल्याबाहेर उभा करतो. त्यामुळे मतांबद्दलचे आभार मी सोडून देईन, खुशाल. मतदाराला द्यायचं ते उत्तर. आभार मानायचे ते राबलेल्या माणसांचे, कारण राबणं हा कुणाचा हक्क नव्हता आणि कर्तव्यही नव्हतं.

आणि राबलं कोण, याची यादी केली तर ती फ्लेक्सवरच्या यादीशी जुळत नाही. मतदान सातला सुरू होतं, पण यंत्र तपासायचं अभिरूप मतदान त्याच्या दीड तास आधी. म्हणजे नोव्हेंबरच्या थंडीत साडेपाचला शाळेत हजर असणारा एजंट. समोर दोन मोठ्या पक्षांचे एजंट, त्यांच्यासाठी नाश्ता येतो, जेवण येतं, मधूनमधून निरोप्या येतो. आपल्या पोराला डबाही घरचा. तो संध्याकाळी सहापर्यंत जागचा हलत नाही, आणि शेवटी केंद्राध्यक्षाकडून नमुना १७ क ची, म्हणजे केंद्रावर किती मतं पडली त्या नोंदीची, प्रत घेतो, त्यावरचा आकडा लिहून पाठवतो. ज्या केंद्रावर एजंट नाही, तिथली प्रत नाही. मोजणीच्या दिवशी ताडून पाहायला काही नाही. साडेतीनशेपैकी दोनशे केंद्रांवरही माणूस बसवता आला तर तो वर्गणीवाल्या उमेदवाराचा मोठा विजय समजावा. त्यातल्या किती जणांची नावं उमेदवाराला ठाऊक असतात?

त्याहून मागे बायका. प्रचार फेरी गावात मुक्कामाला आली की पन्नास-साठ जणांच्या भाकरी कुणीतरी थापलेल्या असतात. कायद्याच्या वहीत त्या भाकरीचा खर्च कसा लिहायचा यावर पुतण्याने डोकं खाजवलेलं असतं, पण निकालानंतरच्या आभारात शाल-श्रीफळ घरातल्या कारभाऱ्याला. बाई दाराच्या आड. हल्ली बचत गटातल्या बायका स्वतः फेरी काढतात, दारोदारी चिन्ह दाखवतात, आणि बाप्यांपेक्षा जास्त ठामपणे बोलतात. तरी पारावरच्या बैठकीत त्यांना बोलावणं जात नाही. म्हणून हिशोबाची बैठक पारावर घेऊच नये. शाळेच्या व्हरांड्यात घ्यावी, समाजमंदिरात घ्यावी, दुपारी घ्यावी, बायकांना येता येईल अशा जागी आणि वेळेला. ज्या गावात दोन वस्त्या एकमेकींच्या मंदिरात जात नाहीत, तिथे दोन बैठका घेतल्या तरी चालतील, पण एका वस्तीला वगळून एक बैठक नको.

जिंकलेल्याबद्दल मला थोडंच म्हणायचं आहे. आपल्याकडे निवडून आलेल्या माणसाचा सत्कार लोक करतात, स्वतःच्या वर्गणीतून. आधी वर्गणी काढून निवडून आणायचं, मग वर्गणी काढून हार घालायचा. 'हार नकोत, वह्या आणा' असं जाहीर करणारे आमदार त्यातल्या त्यात बरे, पण त्या वह्यांसोबतही फोटो निघतोच. वर्गणीवर निवडून आलेला कुणी असेल तर त्याने पहिलं वर्ष सत्कार घेऊ नये, एवढी अट कार्यकर्त्यांनीच घालावी.

राहिला दौऱ्याच्या खर्चाचा प्रश्न. निकालानंतरचा खर्च निवडणूक खर्चात धरला जात नाही, त्यामुळे मर्यादेचं भय नाही. पण खिशात दमडी नसते. मग फौजफाटा नेऊ नये. मोटारसायकलवर दोघं जावेत, एक उमेदवार आणि एक वही सांभाळणारा. भोंगा नको. दिवसाला पाच-सहा गावं होतात. 'ही पुढच्या निवडणुकीची तयारी आहे' असं विरोधक म्हणतील. असू द्या की. पुढची निवडणूक हिशोब देऊन सुरू होत असेल, तर अशा तयारीला कुणाची हरकत असावी?

बीड, धारूर, वडवणी, पाटोदा, केज, गेवराईकडच्या उमेदवाराला मात्र महिन्याभराची मुदत पुरायची नाही. मतदान २० नोव्हेंबरला, आणि ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीनंतरच पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघायला लागतात. मतदानासाठी त्यांना गाड्या करून परत आणतात हे उघड गुपित आहे, आणि उमेदवाराने मतदारांची अशी फुकट वाहतूक करणं कायद्याने भ्रष्ट आचरण ठरतं हेही खरं आहे. वर्गणीवाल्या उमेदवाराला गाड्या परवडत नाहीत, म्हणून त्याची ही मतं फडातच राहतात. पण निघण्याआधी उचलीच्या, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ घेतलेल्या, पैशातून याच लोकांनी पन्नास-शंभरची पावती फाडलेली असते. मत देता आलं नाही, पैसे दिले. डिसेंबरात हिशोब घेऊन त्यांच्या गावी गेलं, तर घराला कुलूप आणि ओट्यावर म्हातारी नि शाळेतली लेकरं. त्यांच्यासाठी उमेदवाराने एक तर फडावर जावं, नाहीतर मार्च-एप्रिलमध्ये कारखान्यांचे पट्टे पडून, म्हणजे गाळप संपून, टोळ्या परतल्या की पुन्हा एक फेरी काढावी. सरकारदरबारचा हिशोब तोवर केव्हाच दाखल झालेला असेल. हा बाकी असेल.